स्पष्ट लेखन आणि स्पष्ट विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा व्यवसाय लेखन हा नाही, पण कामाच्या ओघात ज्यांना अहवाल, प्रस्ताव, सूचना, ईमेल किंवा प्रबंध लिहावे लागतात, अशा वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. कथा-कवितेच्या सौंदर्याचा विचार येथे केलेला नाही. आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे लिहिता लिहिता कसे कळते, आणि ते दुसऱ्यापर्यंत जसेच्या तसे कसे पोहोचवता येते, एवढाच येथील विषय आहे.

विचार आधी होतो आणि लेखन नंतर. मग लेखनामुळे विचार स्पष्ट होतो, असे कसे म्हणता येईल?

डोक्यात असताना विचार पूर्ण वाटतो, कारण तेथे त्याला कोणी जाब विचारत नाही. खर्च वाढला, विक्री घटली, नवे धोरण आले, हे तीन तुकडे मनात शेजारी शेजारी असले की त्यांचा परस्परसंबंध आपल्याला उमगला आहे असा भास होतो. तेच वाक्यात मांडू लागताच निवड करावी लागते. धोरणामुळे विक्री घटली, की विक्री घटल्यामुळे धोरण आणावे लागले, की दोन्ही गोष्टी केवळ एकाच काळात घडल्या? ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘जोपर्यंत’ यांपैकी काय लिहायचे हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, आणि ते ठरवताना जी घालमेल होते तोच खरा विचार होय. पूर्ण वाक्य कर्ता मागते, क्रियापद मागते आणि पुष्कळदा कारणही मागते. यांपैकी जे आपल्याकडे नसेल ते तेथेच उघडे पडते.

याला स्मरणशक्तीच्या मर्यादेचीही जोड आहे. माणूस एका वेळी सुमारे ७ घटक मनात धरू शकतो, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये केली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा आणखी खाली, सुमारे ४ वर आणला. ज्या प्रश्नाला दहा-बारा बाजू आहेत, तो केवळ मनात धरून सोडवू पाहणारा माणूस एक बाजू उचलताना दुसरी खाली ठेवतो आणि ती ठेवल्याचे त्याच्या ध्यानातही राहत नाही. कागदावर मात्र सगळ्या बाजू एकाच वेळी समोर राहतात. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या टिपणांना इतिहासकार चार्ल्स वायनर यांनी त्यांच्या कामाची नोंद म्हटले, तेव्हा फाइनमन यांनी ते मान्य केले नाही; काम डोक्यात होऊन नंतर कागदावर उतरलेले नसून ते कागदावरच झालेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्यापैकी कोणाचेही काम त्या तोडीचे नसेल, पण कागदाचा हा उपयोग सर्वांना सारखाच खुला आहे.

मला विषय समजलेला आहे, फक्त तो लिहिता येत नाही. असे होऊ शकत नाही का?

काही बाबतींत जरूर होऊ शकते. पोहणे, वाद्य वाजवणे, नाडी पाहणे अशा हातात मुरलेल्या कौशल्यांचे शब्दांत पूर्ण वर्णन करता आले नाही, म्हणून ते कौशल्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु कारणे, परिणाम, तुलना आणि निर्णय यांच्याविषयी बोलायचे असेल, तर ‘समजले आहे पण सांगता येत नाही’ या भावनेवर एकदम विश्वास ठेवू नये.

येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये या भावनेवरच प्रयोग प्रसिद्ध केले. कपड्याची चेन, शिवणयंत्र, कुलूप अशा नेहमीच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती समजते, याला सहभागी व्यक्तींनी आधी स्वतःच गुण दिले. मग त्यांना त्या वस्तूचे कार्य पायरीपायरीने, कारणांसह लिहायला सांगण्यात आले आणि त्यानंतर पुन्हा गुण देण्यास सांगितले. दुसऱ्या वेळी गुण घसरले. मधल्या काळात त्यांचे ज्ञान कमी झाले नव्हते. ते आधीपासूनच किती तोकडे होते हे लिहिताना त्यांना दिसले. ज्या अहवालाचे पान तासभर पुढे सरकत नाही, त्या पानावर पुष्कळदा भाषेचा दोष नसतो. तेथे एखादी माहिती मिळवायची राहिलेली असते किंवा एखादा निर्णय घ्यायचा टाळलेला असतो, आणि अशा वेळी शब्दकोश उघडण्यापेक्षा त्या माहितीच्या मागे लागणे अधिक फलदायी ठरते.

प्रत्यक्ष बोलून हे सगळे साधत नाही का?

बोलण्याचे एक सामर्थ्य लेखनाला कधीच मिळणार नाही. ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली की बोलणारा थांबतो, उदाहरण बदलतो, मागे जाऊन पुन्हा सांगतो. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनावर जे आक्षेप घेतो, त्यांपैकी एक हाच आहे की लिखित शब्दांना काही विचारले तर ते पुन्हा तेवढेच बोलतात. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच वाचकाच्या मनात उठणारे प्रश्न लेखकाला आधीच ओळखून मजकुरात त्यांची उत्तरे ठेवावी लागतात. स्वतःच्या म्हणण्यावर स्वतःच प्रश्न विचारण्याचा हा सराव बोलण्यातून क्वचितच मिळतो.

हे प्रश्न आधी न विचारल्यास काय घडते, याचे एक भीषण उदाहरण २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हाच्या लढाईत घडले. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर होते. रशियन सैनिक ताब्यात आलेल्या ठाण्यांवरील ब्रिटिश तोफा ओढून नेण्याच्या बेतात आहेत, असे त्यांना तेथून वाटले. घोडदळाने वेगाने पुढे जाऊन शत्रूला तोफा नेण्यापासून रोखावे, असा आदेश लिहून खाली पाठवण्यात आला. घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन खाली दरीत होते आणि त्यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्यांना दिसत होत्या त्या दरीच्या पलीकडच्या टोकाला सज्ज असलेल्या रशियन तोफा. आदेशात कोणत्या तोफा हे लिहिलेले नव्हते, आणि निरोप घेऊन आलेल्या कॅप्टन नोलन यांना विचारल्यावर त्यांनी केवळ हाताने मोघम दिशा दाखवली. सुमारे ६७० घोडेस्वार तीन बाजूंनी तोफा असलेल्या दरीत शिरले आणि त्यांतील शंभराहून अधिक मारले गेले. नोलन स्वतः सुरुवातीलाच पडले, त्यामुळे त्यांना नेमके काय सुचवायचे होते हे कोणालाही विचारता आले नाही. आदेश व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता, छोटा होता, आणि लिहिवणाऱ्याच्या दृष्टीने पूर्णही होता; वाचणारा कोठे उभा आहे आणि त्याला तेथून काय दिसते, एवढ्याचाच विचार त्यात नव्हता.

वाचकाला काय माहीत नाही, हे लिहिताना कसे ओळखावे?

रॅग्लन यांच्या जागी आपण रोजच असतो, म्हणून हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जे आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसल्याची कल्पना करणे मनाला फार जड जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० च्या आपल्या प्रबंधासाठी केलेला प्रयोग हे चांगले दाखवतो. काहींनी परिचित गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. साधारण निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल सुरू असते. ऐकणाऱ्यापर्यंत फक्त टकटक पोहोचते.

यावर उपाय आहेत, पण ते निव्वळ सदिच्छेने होत नाहीत. वाचक म्हणून एक विशिष्ट व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी, आणि ती शक्यतो आपल्या विभागाबाहेरची असावी. ‘तो’, ‘ते’, ‘वरील’, ‘संबंधित’, ‘सदर’ हे शब्द मजकुरात कोठे आले आहेत ते शोधून प्रत्येक ठिकाणी ‘कोणता?’ असे विचारावे. दोन उत्तरे संभवत असतील तर सर्वनाम काढून नाव लिहावे, मग ते नाव एका परिच्छेदात तीनदा आले तरी चालेल. संक्षेप प्रथम येतो तेथे त्याचे पूर्ण रूप द्यावे. एकके, तारखा आणि जबाबदार व्यक्तींची नावे गृहीत धरू नयेत. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे नासाचे यान मंगळाजवळ नष्ट झाले, त्याचे मूळ एका प्रणालीने इंग्रजी एककांत दिलेले आकडे दुसरीने मेट्रिक समजून वापरले, यात होते. आकड्यांपुढील एकक ही कोणाला किरकोळ बाब वाटते, पण वाचणाऱ्यासाठी तोच अर्धा अर्थ असतो.

पूर्ण वाक्यांऐवजी मुद्दे काढले तर वेळ वाचत नाही का?

लिहिणाऱ्याचा वाचतो. खरेदीची यादी, साहित्य, कामाच्या क्रमवार पायऱ्या यांच्यासाठी मुद्देच योग्य आहेत. युक्तिवादासाठी मात्र ते धोक्याचे ठरतात, कारण दोन मुद्द्यांमधल्या कोऱ्या जागेत त्यांचा संबंध सांगायचा राहून जातो आणि तो राहिला आहे हे कोणाला खटकतही नाही.

कोलंबिया अंतराळयानाच्या बाबतीत हे दिसून आले. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याच्या परिणामांचे विश्लेषण स्लाइडच्या रूपात सादर केले. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते. अगदी तळाच्या ओळींत मात्र हे होते की ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला जात होता, त्यांत ३ घन इंचांचा तुकडा वापरला होता आणि प्रत्यक्षातील तुकडा १९२० घन इंचांचा मानला जात होता. म्हणजे ६४० पट मोठा. ‘आमच्या चाचण्या या घटनेला लागू पडत नाहीत’ हे त्या स्लाइडच्या शीर्षकात किंवा ठळकपणे कोठेही म्हटलेले नव्हते. १ फेब्रुवारी रोजी परतताना यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचा उल्लेख केला आणि तांत्रिक टिपणांऐवजी स्लाइड वापरण्याच्या नासामधील सवयीवर टीका केली. दुर्घटनेचे कारण स्लाइड नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. परंतु सर्वांत गंभीर माहिती डोळ्यांसमोर असूनही नजरेत न भरण्याची सोय त्या मांडणीने केली होती.

व्यवसायाच्या जगातही काहींना हे जाणवले. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकांतील स्लाइड बंद करून त्यांच्या जागी सलग वाक्यांत लिहिलेली टिपणे आणली. ही टिपणे साधारण सहा पानांची असतात आणि बैठकीच्या सुरुवातीला सर्वजण ती शांतपणे वाचतात.

भारदस्त शब्द वापरले की लेखनाचे वजन वाढत नाही का?

डॅनियल ओपेनहायमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटेच आढळले. गरज नसताना मजकूर अवघड शब्दांनी भरला की वाचक लेखकाला कमी बुद्धिमान ठरवतात. पारिभाषिक संज्ञांचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्या विषयाच्या जाणकारांसाठी संज्ञा हाच अचूकतेचा जवळचा मार्ग असतो.

माझ्या मते अवघड शब्दांपेक्षा कर्ता गाळणारी वाक्ये अधिक नुकसान करतात. ‘याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात एकही शब्द कठीण नाही, तरी कोण, काय आणि केव्हापर्यंत करणार यांपैकी काहीच त्यात नाही. लिहिणाऱ्याने ते ठरवलेले नसले तरी वाक्य मात्र डौलाने पूर्ण होते. ‘लेखा विभाग शुक्रवारपर्यंत थकीत देयकांची यादी पाठवील’ असे लिहायचे म्हटले तर आधी लेखा विभागाशी बोलावे लागते. मोघम वाक्याने लिहिणाऱ्याचे हे कष्ट टळतात आणि ते वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतात; वाचणारे शंभर असतील तर शंभरांच्या.

सोपे लिहिल्याने विषय उथळ होत नाही का?

विषयातील गुंतागुंत आणि वाक्यातील गुंता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरचा आपला लेख २५ एप्रिल १९५३ रोजी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला; तो जेमतेम एका पानाहून थोडा मोठा आहे. लांब वाक्यालाही माझा विरोध नाही. अटी आणि अपवाद खरोखर एकमेकांत गुंतलेले असतील, तर ते तोडून पाच छोटी वाक्ये केल्याने त्यांचा संबंध नाहीसा होतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्य लिहिताना वाचकाला तोपर्यंत किती गोष्टी मनात धरून ठेवाव्या लागतील एवढे पाहावे आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये अनावश्यक भर टाकू नये.

विचार मोलाचा असेल, तर लेखन कसेही असले तरी तो शेवटी स्वीकारला जातोच ना?

‘शेवटी’ या शब्दात किती वर्षे जातात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांच्या उदाहरणावरून पाहावे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ मध्ये त्यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि प्रसूती विभागातील मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक वर्षे त्यांनी स्वतः यावर सविस्तर असे काही प्रसिद्ध केले नाही. सहकाऱ्यांनी त्रोटक वृत्तान्त छापले, त्यांतून गैरसमज झाले, आणि १८६१ मध्ये आलेला त्यांचा ग्रंथ विस्कळीत आणि टीकाकारांवरील हल्ल्यांनी भरलेला होता. १८६५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नव्हते. याला इतरही कारणे होती. रोगजंतूंचा सिद्धान्त अद्याप प्रस्थापित झालेला नव्हता, आणि आपलेच हात रोग पसरवतात हे ऐकायला डॉक्टर तयार नव्हते. पण ऐकणारे अनुकूल नसतात तेव्हाच मांडणीची खरी गरज असते.

आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही लिहाव्यात का? त्याने बाजू दुबळी पडत नाही का?

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितला आहे. आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारे तथ्य किंवा विचार समोर आला की ते त्याची ताबडतोब नोंद करीत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात असा त्यांचा अनुभव होता. परिणामी त्यांच्यावर पुढे घेतल्या गेलेल्या आक्षेपांपैकी फारच थोडे त्यांनी आधी विचारात घेतलेले नव्हते. १८३७ ची टिपणवही, १८४२ मधील ३५ पानांचा पेन्सिलीने लिहिलेला आराखडा, १८४४ मधील सुमारे २३० पानांचा मसुदा आणि १८५९ मधील ग्रंथ, असा त्यांच्या उत्क्रांतीविषयीच्या विचाराचा लेखी प्रवास आहे. अडचणी लपवणारा मजकूर पहिल्या जाणत्या वाचकापुढेच कोसळतो. अडचण स्वतः सांगून तिचे वजन किती हे दाखवणाऱ्या लेखकावर वाचक पुढच्या पानांतही विश्वास ठेवतो.

सफाईदार लिहिणारे लोकही चुकीचे विचार मांडतात. मग चांगल्या लेखनाची खात्री काय?

खात्री काहीच नाही. ओघवती भाषा खोट्यालाही सजवते. स्पष्ट लेखनाचा गुण वेगळा आहे. त्यात चूक असेल तर ती सापडते. ‘परिस्थिती समाधानकारक राहील असे दिसते’ हे विधान कधीच खोटे ठरत नाही. ‘मार्चअखेर निम्म्याहून अधिक अर्ज निकाली निघतील’ हे ठरू शकते, म्हणून त्यावर चर्चा होऊ शकते आणि लिहिणारा त्यातून शिकू शकतो.

हाताने लिहावे की संगणकावर?

पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांच्या २०१४ च्या अभ्यासात व्याख्यानाची टिपणे हाताने काढणारे विद्यार्थी संकल्पनात्मक प्रश्नांत सरस ठरले, पण नंतरच्या पुनर्प्रयोगांत तो फरक तितका ठामपणे आढळला नाही. जेथे आपण पूर्ण वाक्ये लिहितो आणि खाडाखोड करायला कचरत नाही, ते साधन आपल्यासाठी योग्य.

आता संगणकच मजकूर तयार करून देतो. मग स्वतः लिहिण्याची गरज काय?

ज्या मजकुरात विचार करण्यासारखे काही नाही, तो कोणी तयार केला याने फारसे बिघडत नाही. पण निर्णय, कारणमीमांसा किंवा शिफारस लिहायची असेल, तर ‘मुळे’ लिहायचे की ‘तरीही’, ही निवड यंत्र करते आणि ती झाली हे आपल्याला दिसतही नाही. हाती येणारा मजकूर इतका घडीव असतो की तो आपलाच विचार आहे असे वाटू लागते. कोणी उलट प्रश्न विचारला की मात्र उत्तर सापडत नाही, कारण त्या वाटेने आपण गेलेलोच नसतो. म्हणून पहिला मसुदा, तो कितीही ओबडधोबड असो, स्वतः लिहावा आणि त्यानंतर त्यातील उणिवा दाखवण्यासाठी यंत्राची मदत घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

सुरुवात कोठून करावी?

येत्या आठवड्यात जो निर्णय घ्यायचा आहे, त्याविषयी एक पान लिहावे. काय करायचे, का करायचे, कशामुळे ते चुकू शकते, आणि ते चुकत आहे हे केव्हा कळेल, एवढे त्यात पूर्ण वाक्यांत असावे. पहिल्या मसुद्यात भाषेची काळजी करू नये, कारण लिहिणे आणि तपासणे एकाच वेळी केले की दोन्ही अडतात. मग ते पान निदान एक रात्र बाजूला ठेवावे आणि नंतर मोठ्याने वाचावे. जेथे श्वास अडखळतो तेथे बहुधा वाक्यात दोन विचार कोंबलेले असतात. मुख्य म्हणणे अनेकदा शेवटच्या परिच्छेदात सापडते, कारण लिहिता लिहिता ते तेथे पोहोचल्यावरच आपल्याला कळलेले असते. ते उचलून सर्वांत वर आणावे आणि त्याला आधार न देणारे परिच्छेद, कितीही आवडले असले तरी, काढून टाकावेत.

त्यानंतर हे पान विषयाशी थेट संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावे. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. पान परत घेऊन, त्यात काय म्हटले आहे ते तिच्या शब्दांत सांगायला लावावे आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नये. जेथे तिचे सांगणे आपल्या म्हणण्यापासून दूर जाईल तेथे खूण करावी. त्या जागा आधी दुरुस्त कराव्यात आणि शुद्धलेखनाकडे त्यानंतर वळावे.